मशीनच्या तोंडाशी ठेवलेलं फूल

गोदाबाईचा एक नियम आहे, आणि तो मोडायला सांगणाऱ्याशी ती आठवडाभर बोलत नाही. टोपल्यातलं पहिलं फूल विकायचं नाही. आज ज्याच्याकडून काही घ्यायचं आहे, त्याला ते वाहायचं. विहिरीला, मोटरच्या पेटीला, वजनकाट्याला, सकाळच्या पहिल्या एसटीच्या पायरीला. एकदा कंडक्टरने विचारलं, हे काय चाललंय, तर म्हणाली, "तुमची गाडी मले परतवाड्याले नेऊन राहिली. फुकट कायले बसू?" तिकीट काढलेलं होतं, तरीसुद्धा.

मी देवीदास. परतवाड्यात बँकेच्या भिंतीला लागून माझं शिलाईचं दुकान आहे आणि त्याच्या ओट्यावर गोदाबाई फुलं विकायला बसते. मी भाडं घेत नाही, ती देत नाही, आणि आमचं छान चाललंय. कधीकधी तिचं पहिलं फूल माझ्या शिलाई मशीनच्या चाकावर येतं. मग मला आधीच कळतं की आज एखादा ब्लाउज उसवून पुन्हा शिवायचा आहे आणि पैसे मिळणार नाहीत.

अचलपूरच्या पलीकडे तिचं दीड एकर रान आहे. त्यात झेंडू, थोडी शेवंती, बांधाला कुंद. मुलगा गजेंद्र धारणीच्या रस्त्यावर जीप चालवतो. गोदाबाई साठीच्या पुढची, उंच, आवाज असा की रस्त्यापलीकडच्या माणसालाही भाव कळावा. पुण्याहून माझी भाची आली होती. तिने मला हळूच विचारलं, "मामा, त्या बाई कोणाशी भांडताहेत?" भांडत नव्हती बिचारी, शेवंतीचा भाव सांगत होती.

आता बँकेचं. पूर्वी गोदाबाई स्लिप भरून खिडकीवरून पैसे काढायची. मग बँकेने सांगितलं की लहान रकमा एटीएम मशीनमधून काढा, खिडकीवर गर्दी नको. कार्ड दिलं. गजेंद्रने दोन-चार वेळा शिकवलं आणि ती शिकली. नंबर कुणाला सांगायची नाही, गजेंद्रलाही नाही. आणि अर्थातच, ज्या दिवशी पैसे काढायचे त्या दिवशी पहिलं फूल मशीनला. जुन्या मशीनचं डोकं सपाट होतं. फूल वर ठेवायचं, पैसे घ्यायचे, बाहेर यायचं. चौकीदार चंदन ते फूल उचलून स्वतःच्या खिशाला लावायचा, म्हणजे त्याचीही सोय.

यंदा उन्हाळ्यात नवं मशीन आलं. त्याचं डोकं उतरतं. जुलैमध्ये गोदाबाई पैसे काढायला गेली, फूल ठेवलं, ते घरंगळलं. पुन्हा ठेवलं, पुन्हा खाली. देवाला फूल वाहिलं आणि ते खाली पडलं तर माणसाने काय समजायचं? तिने इकडेतिकडे पाहिलं. जिथून नोटा बाहेर येतात तिथे एक छोटीशी खाच होती. तिथे झेंडू छान बसला. मग तिने कार्ड घातलं, नंबर दाबला, आठ हजार मागितले.

मशीन आतल्या आत फडफडलं. मग गुरगुरलं. मग पडद्यावर काहीतरी इंग्रजी आलं आणि गेलं, कार्ड तेवढं बाहेर पडलं. नोटा नाहीत. गोदाबाई उभी राहिली. मागच्या माणसाने घसा खाकरला, तेव्हा बाहेर आली आणि माझ्यापुढे फोन धरला.

"देवीदासभाऊ, हे वाचा बरं. आत्ताच वाजला."

मी वाचलं. "तुमच्या खात्यातून आठ हजार निघाले म्हणते."

"निघाले? कुठून निघाले? मी तं तिथंच उभी होतो."

माझा स्वभाव असा आहे की मला राग आधी येतो आणि बाकी गोष्टी नंतर सुचतात. मी टेप गळ्यात तसाच ठेवून बँकेत घुसलो. मॅनेजर करिश्मा मॅडम नागपूरहून नव्यानेच बदलून आलेल्या, वयाने लहान, बोलायला नीट. त्यांनी पाणी दिलं, तक्रार नोंदवून घेतली आणि म्हणाल्या, असं कधीकधी होतं, थोड्या दिवसांत पैसे आपोआप परत येतील. फुलाबद्दल कुणी विचारलं नाही आणि गोदाबाईच्याही ते डोक्यात नव्हतं. फूल वाहणं ही सांगण्यासारखी गोष्ट आहे, असं तिला वाटतच नाही.

पैसे कशासाठी होते तेही सांगतो. नत्थुजीच्या नर्सरीत तिची झेंडूची रोपं तयार होती. ती आता लावली तर दसऱ्याला फूल. उशीर झाला तर रोपं ट्रेमध्येच लांबट होतात, मग ती कुणी फुकट नेत नाही. आमच्या भागात झेंडूवाल्याचं वर्ष दसऱ्यावर उभं असतं. त्या दिवसांत अमरावतीच्या बाजारात झेंडूच्या गाड्याच्या गाड्या रिकाम्या होतात. गाडी, ट्रॅक्टर, काटा, कातर, सगळ्यांच्या गळ्यात हार पडतो. आणि नत्थुजी काही निर्दयी माणूस नव्हे. तो म्हणाला, "गोदाबाई, घेऊन जाय ना रोपं. पैसे मंग दे."

ती नाही म्हणाली. उधारीच्या रोपाचं पहिलं फूल वाहायचं कुणाला? ते फूल तर सावकाराचं. हा तिचा हिशेब. मी तिला वेडी म्हणालो. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी काजं करायला घेतली. शेवटी नत्थुजी म्हणाला, पुढच्या रविवारच्या बाजारापर्यंत ठेवतो, त्यानंतर दुसऱ्याला देईन.

मशीन दोन दिवस बंद होतं. मग अमरावतीहून दुरुस्तीवाला आला, मशीन उघडलं, बरंच काही काढलं-घातलं, आणि जाताना म्हणाला की कुणीतरी तोंडात फूल कोंबलं होतं, नोटांच्या तोंडावरची पट्टी अडकून बसली. दुसऱ्या दिवशी दारावर सूचना लागली. मशीनवर फुलं, हळद-कुंकू, अगरबत्ती किंवा नारळ ठेवू नये, नुकसान झाल्यास खर्च वसूल केला जाईल. नारळ कुणी ठेवला होता देव जाणे. लिहिणाऱ्याने एकदा लिहायला घेतलंच आहे म्हणून सगळी पूजाच लिहून टाकली असावी.

ती सूचना गजेंद्रने वाचली आणि त्याचा चेहरा पडला. ओट्याशी बसून तो हळू आवाजात म्हणाला, "आई, फूल तूच ठेवलं होतं का?"

"मीच ठेवतो. दुसरं कोन ठेवते?"

"मंग आता चूप राह्य. अजिबात बोलू नको. मशीन लाखाचं असते. आपले आठ हजार गेले तं गेले, वरून मशीनचा खर्च आपल्या बोकांडी बसन."

मलाही ते पटलं, खोटं कशाला बोलू. मी म्हटलं, तो बरोबर बोलतोय, पैसे येतीलच, फुलाचं नाव काढू नका. गोदाबाई हार ओवत होती. ओवता ओवता म्हणाली, "चोरी केल्यासारखं काहून बोलून राहिले तुमी दोघं?"

पैसे आले नाहीत. आला तो संदेश. अमरावतीच्या मोठ्या ऑफिसने तक्रार तपासली होती. व्यवहार यशस्वी, रक्कम ग्राहकाला दिली गेली, तक्रार बंद. आम्ही तिघं आत गेलो. मॅडम त्या दिवशी अकोल्याला मीटिंगला होत्या. खिडकीवर शेखर नावाचा कारकून होता. त्याने तक्रारीवरचं उत्तर छापून हातात दिलं आणि रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "मावशी, मशीन खोटं बोलत नसते. घरात विचारा ना. कार्ड कोनाकोनाजवळ असते, मुलगा काय करते, ते पाहा आधी."

गजेंद्र तिथेच उभा होता. कान लाल झाले त्याचे. तो बाहेर गेला, जीपमध्ये बसला आणि प्रवासी न घेताच निघून गेला. मी खिडकीवर हात आपटला. मी आणखीही काही बोललो, ते इथे लिहिण्यासारखं नाही. गोदाबाईने माझा दंड धरून मला बाहेर आणलं. ती अगदी शांत होती, आणि मला तिच्या त्या शांतपणाची भीती वाटली.

दुसरा दिवस शुक्रवार. सकाळी तिने टोपलं ओट्यावर उतरवलं, पण पहिलं फूल कुठेही वाहिलं नाही. मुठीत धरून ठेवलं. बँक उघडली तशी टोपलं पुन्हा डोक्यावर घेतलं आणि मला म्हणाली, "चाला. पन तोंड मी उघडीन, तुमी नाही."

मी म्हटलं, "गोदाबाई, फुलाचं बोलणार असाल तर विचार करा. गजेंद्र काय म्हणाला ते आठवा."

"गजेंद्र माह्यासाठी भेते. अन् त्यालेच चोर म्हनलं त्यायनं. आता कायचं भेनं."

आत मॅडम होत्या, शेखर होता, दारात चंदन होता आणि पगाराच्या दिवसांमुळे हॉल भरलेला होता. गोदाबाईने टोपलं मधोमध ठेवलं आणि मूठ उघडून ते फूल मॅडमच्या टेबलावर ठेवलं.

"मॅडम, ते मशीनच्या तोंडातलं फूल माह्यं होतं. मी ठेवलं होतं. ज्या दिवशी पैसे काढाले गेलतो त्याच दिवशी, पैसे काढाच्या आधी."

शेखरचा चेहरा उजळला, मी पाहिलं. मॅडम मात्र गंभीर झाल्या. "मावशी, तुम्ही हे सांगताय ते चांगलंच आहे. पण मग दुरुस्तीचा खर्च तुमच्याकडे मागितला जाऊ शकतो. मशीन दोन दिवस बंद होतं."

"मांगा. देईन मी. फूल विकून देईन, पन देईन. पन पावती पाह्यजे मले. त्या पावतीवर असं लिहा का गोदाबाईच्या फुलानं मशीनचं तोंड बंद झालं, उघडूनच नाही राह्यलं." मग तिने कमरेच्या पिशवीतून कालचा छापील कागद काढला. "अन् हा कागद तुमचाच आहे. याच्यात लिहिलं आहे का त्याच येळेले त्याच तोंडातून आठ हजार बाहेर आले अन् मले भेटले. आता दोन्ही कागद अमरावतीले पाठवा. फुलानं तोंड बंद होतं तं नोटा आल्या कुठून? अन् नोटा आल्या तं माह्या फुलानं काय बिघडवलं? दोन्हीपैकी एक काहीतरी धरा. दोन्ही मी नाही धरू देनार."

मला टाळी वाजवावीशी वाटली. गेले कित्येक दिवस आम्ही जी गोष्ट झाकत बसलो होतो, तीच तिची साक्ष होती. गजेंद्र आणि मी, दोघे शहाणे, तिला स्वतःचीच साक्ष गिळायला सांगत होतो.

मॅडमने दोन्ही गोष्टी मनात जुळवून पाहिल्या असाव्यात, कारण त्यांनी चंदनला बोलावलं. "चंदन, त्या दिवशी फूल कुठे सापडलं होतं?"

चंदन कंत्राटावरचा माणूस, नोकरी कधीही जाऊ शकते. त्याने एकदा शेखरकडे पाहिलं, एकदा गोदाबाईकडे. मग म्हणाला, "पट्टीत अडकलं होतं मॅडम. चेंदामेंदा झाला होता. दुरुस्तीवाल्यानं पेचकसानं काढलं, मीच झाडून टाकलं. गोदाबाईनंतर कोनालेच पैसे नाही निघाले त्या दिवशी. मशीन तवापासूनच बंद होतं."

मॅडमने अमरावतीला फोन लावला. पलीकडचा माणूस पुन्हा पुन्हा तेच सांगत होता, हे इकडेही ऐकू येत होतं. सिस्टिममध्ये यशस्वी आहे. सिस्टिममध्ये यशस्वी आहे. आधी मॅडम सर, सर करत होत्या. मग त्यांचाही आवाज चढला. "सर, सिस्टिममध्ये काय आहे ते मी वाचलंय. शटर उघडलंच नव्हतं, तुमच्याच दुरुस्तीवाल्याने तसं लिहून दिलंय. मशीनमधली रोकड मोजली का ते सांगा." फोन ठेवल्यावर त्या म्हणाल्या की रोकड भरणाऱ्या एजन्सीकडून मोजणी मागवली आहे, तुम्ही घरी जा, मी कळवते.

"मी कुठं जातो? रविवारी माही रोपं जाते. मी इथंच बसतो."

आणि ती बसली. खुर्चीवर नाही, भिंतीशी खाली, टोपलं पुढ्यात घेऊन. सुईदोरा काढला आणि हार ओवायला लागली. शेखर म्हणाला की इथे धंदा करता येत नाही. तिने वर न पाहता सांगितलं, "इकून नाही राहिली. ओवून राहिली. ओवाले मनाई असन तं तशी पाटी लावा, तुमच्याजवळ पाट्या बऱ्याच आहेत." रांगेतले लोक हसले. दुपारपर्यंत हॉलमध्ये झेंडूचा वास भरला. कामाला आलेले लोक तिच्याजवळ थांबायचे, काय झालं विचारायचे, आणि ती प्रत्येकाला पहिल्यापासून सांगायची, त्याच आवाजात. बँकेने जाहिरातीवर कितीही खर्च केला असता तरी मशीनची इतकी प्रसिद्धी झाली नसती. संध्याकाळी बँक बंद झाली तशी उठली, शनिवारी उघडताच पुन्हा येऊन बसली. मी दुकान सोडून दर तासाला डोकावत होतो. माझी दोन गिऱ्हाइकं त्यात गेली, जाऊ देत.

शनिवारी दुपारी फोन आला. मशीनच्या आत, अडकलेल्या नोटा ज्या पेटीत पडतात तिथे, आठ हजार जास्तीचे निघाले होते. गोदाबाईचेच, पट्टीमागून परत फिरलेले. मोजणारे ते आधी मोजून बसले होते, पण ते कुणाचे हे विचारायची तसदी कुणी घेतली नव्हती. मॅडम म्हणाल्या, पैसे आजच जमा होतील, शिवाय उशिराची भरपाईही मिळेल.

"भरपाई घेईन. दोन दिवस तुमच्या घरी बसून हार ओवले, दुकान बुडालं," गोदाबाई म्हणाली. "अन् मशीनचा खर्च?"

"तो कुणी मागणार नाही मावशी."

"बरं. आता माह्या पोराचं काय?"

मॅडमना कळलं नाही. मी सांगितलं, गुरुवारी खिडकीवर काय झालं ते. मॅडमने शेखरकडे पाहिलं. शेखर काँप्युटरमध्ये डोकं घालून बसला होता. गोदाबाईने फोन करून गजेंद्रला बोलावून घेतलं. तो आला तो घाबरूनच आला, आई पुन्हा काय करून बसली म्हणून. तिने त्याला खिडकीसमोर नेऊन उभं केलं.

"शेखरभाऊ, त्या दिवशी तुमी बोलले ते साऱ्यायनं ऐकलं होतं. आता बी तेवढ्याच आवाजात बोला."

मला वाटलं हा काही बोलणार नाही. रांगेत त्याच्या ओळखीचेच लोक होते. तो उठला, चष्मा काढला, आणि खरंच सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "चुकलं माझं. गजेंद्रभाऊ, चुकलं." गजेंद्रने मान हलवली आणि डोळे पुसायला रुमाल शोधला. तो सापडला नाही, तेव्हा आईने पदर पुढे केला. मीही दुसरीकडे पाहिलं. एवढं चांगलं काही बँकेत होऊ शकतं, असं मला आयुष्यात वाटलं नव्हतं.

रविवारी तिने नत्थुजीला रोख पैसे मोजून दिले आणि रोपं नेली. काही लांबट झाली होती, एक वाफा बसलाच नाही. बाकीची धरली.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी परतवाड्यात पाय ठेवायला जागा नव्हती. गोदाबाईच्या झेंडूला सकाळीच गिऱ्हाईक तुटून पडलं. बँकेनेही हार मागवले. मॅडमच्या केबिनसाठी, दारासाठी, लक्ष्मीच्या तसबिरीसाठी तिने दिले. मशीनसाठी चंदन मागायला आला तेव्हा म्हणाली, "त्याच्यासाठी नाही. दुसरीकडून घ्या." चंदन बाजारभर फिरला. पण फुलवाल्या सगळ्या एकमेकींच्या ओळखीच्या आणि ही गोष्ट सगळ्यांना पाठ. शेवटी मशीनच्या गळ्यात प्लास्टिकचा हार पडला. तो अजून आहे, धूळ खात.

हार देऊन झाल्यावर ती पैसे काढायला बँकेत गेली. मी बरोबर होतो, कारण मला पुढचं पाहायचं होतं. नव्या रोपांचं पहिलं फूल तिच्या हातात होतं. मशीनसमोरून ती सरळ पुढे गेली, स्लिप भरून घेतली, सही केली, आणि शेखरच्या खिडकीशी उभी राहिली.

शेखरने स्लिप पाहिली. "मावशी, एवढी लहान रक्कम आता मशीनमधूनच…"

तिने फूल खिडकीच्या फळीवर ठेवलं.

"मशीनले मी फूल वाह्यलं होतं. त्यानं ते खाल्लं, वरून मले खोटी पाडली. तुमी बी मले खोटी पाडली होती शेखरभाऊ. पन तुमाले चुकलं म्हनता आलं. म्हनून हे तुमाले. आता मले माह्ये पैसे तुमच्या हातानं द्या."

शेखरने ते फूल उचलून शर्टाच्या खिशाला लावलं, नोटा मोजल्या आणि दोन्ही हातांनी तिला दिल्या.